चूक झाली, म्हणतोय

अण्णा गेल्याचं मला नाचियारकोविलहून परतताना बसमध्ये कळलं. वहिनींचा फोन होता. "अण्णा गेले रे. न्हाऊन आले, भिंतीला टेकून बसले, ते तसेच." मला आधी दुःख झालं नाही. आधी वाटलं, सुटलो... आता ती गोष्ट कुणी काढणार नाही. एवढं वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

अण्णा माझे मावसभाऊ. कुंभकोणमात दुकानांच्या दारांना कुलपं बसवायचे. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी एका रेशमी साड्यांच्या दुकानात व्यवस्थापक आहे. तिथल्या सागवानी दाराचं मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवतात ते कुलूप, अण्णांनीच घातलेलं. आमचे मुतलाळी, म्हणजे मालक, यांच्या तिन्ही दुकानांची कामं त्यांना माझ्याच शब्दावर मिळाली होती.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, इथे सगळ्याला गंध-कुंकू लागतं. कातरीला, मोजपट्टीला, बिलाच्या यंत्रालासुद्धा. बारा वर्षांपूर्वी त्या दाराला मी लावलं. थेट किल्लीच्या भोकावर, बोटानं दाबून. थोडं आत गेलं असेल, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. थोडं नाही, चांगलं भरलं होतं. वाळून त्याचा दगड झाला आणि विजयादशमीच्या सकाळी किल्ली फिरेना. मी पक्कड लावून जोर केला. आत काहीतरी मोडलं. पट्टीश्वरमहून लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या मंडळींना गोदामाच्या दारानं आत आणावं लागलं. विजयादशमीला पुढचं दार बंद! मुतलाळी संतापले. मी म्हणालो, "बसवतानाच चुकलं असेल." मला कुणी विचारलंही नव्हतं.

अण्णा आले. हँडलच्या पट्ट्या काढल्या, बारीक पेचकस घालून कुलपाची जीभ मागं सारली, दार उघडलं. मग कुलपाची पेटी बाहेर ओढली आणि पायरीवर बसून, आमच्याकडे पाठ करून खोलली. मला हाक मारली. आत पिवळट खडे होते, पिरगळून मोडलेला एक तुकडा होता, आणि चंदनाचा वास.

"गंध कुणी भरलं रे? आणि पक्कड?"

मी मागं मुतलाळींकडे पाहिलं.

"तू सांगतोस, की मी सांगू?"

"नोको अण्णा. नोकरी जाईल माझी."

मागून मुतलाळींनी मला विचारलं, "तुमच्या भाषेत काय कुजबुजतोय तो?"

मी तमिळमध्ये म्हणालो, "चूक झाली, म्हणतोय."

अण्णांना तमिळ माझ्याइतकंच येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटी मिटली, पिशवीत टाकली. "आजचं काम कर, पुन्हा तिन्ही दुकानांत दिसू नकोस," मुतलाळी म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि नवं कुलूप मापाला लावलं. ते जुन्याहून जरा लांब होतं. पेन्सिलीनं रेघ मारून त्यांनी पटाशीनं खाच वाढवली, अगदी पातळ कपच्या काढत. दार उघडं ठेवूनच आठ-दहा वेळा किल्ली फिरवून पाहिली. आत काही अडलंच तर दार मिटलेलं नसावं, म्हणून. एवढा अपमान झाला त्या दिवशी तरी घाईनं काम उरकायचं होतं... तेही त्यांनी केलं नाही. ते कुलूप आजही बिघडलेलं नाही.

त्यानंतर ते तिरुनीलक्कुडी, पट्टीश्वरम अशा लांबच्या गावांतली कामं सायकलवर करत राहिले. भजनाच्या मठात माझ्या शेजारीच बसत. दर आयुधपूजेला मात्र चारचौघांत मला म्हणत, "कपाळाला लाव रे, भोकात नोको." सगळे हसत. त्यांना तो अण्णांचा आचरटपणा वाटे. मीही हसत असे.

तेराव्यानंतर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"मज ठाऊक आहे. त्याच दिवशी बोलले. मज काय सांगतोस? ज्याला खोटं सांगितलंस त्याला जाऊन सांग."

हा लेख मराठीत छापून येईल आणि मुतलाळींना मराठी वाचता येत नाही, हे माझ्याही मनात होतं. वहिनींनी तेवढी पळवाट ठेवली नाही. म्हणून काल, हे पाठवण्याआधी, दुकानातल्या मुतलाळींच्या खोलीत गेलो. ते आता थकलेत, ऐकायला कमी येतं. गंध, पक्कड, ते एक वाक्य, सगळं दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. बाहेर साड्या विकणाऱ्या मुली हातातल्या साड्या तशाच धरून ऐकत राहिल्या.

मुतलाळी म्हणाले, "तुला काय म्हणायचं ते नंतर म्हणेन. आधी त्याच्याशी बोलतो." त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला. "नंबर सांग त्याचा."

अण्णा गेल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. ते काम माझं होतं.