वस्तादांचं गळकं सील

तीर्थपुरीच्या वस्तादांचा आवाज खाली आला, की समजावं, माणसाला ताप भरलाय. एरवी ते गॅरेजात बोलले, की कोपऱ्यावरच्या चहावाल्याला किती कप पाठवायचे ते आपोआप कळायचं. आणि बोलायचे तरी काय? स्वतःचं कौतुक! "माझ्या हातचं सील आन् गळंल? बिलकुल न्हाई!" त्यांचं खरं नाव मला आजही सांगता यायचं नाही. सगळे वस्तादच म्हणायचे.

तेल गळणारी गाडी आली, की वस्ताद आधी इंजिन लख्ख धुऊन, कोरडं पुसून घेत आणि वर चक्क लहान बाळाची पावडर फुंकत. मग गाडी चालू करायची. पावडर जिथं आधी ओली होईल, तिथं गळती. गिऱ्हाईक हसलं की ओरडायचे, "हस, हस! तेल गळतं वरून आन् दिसतं खाली. उगं खालचं खोलत बसलो तर तूच रडशील."

सील म्हणजे फिरत्या शाफ्टाच्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी कडं. नव्या सीलचं तर कोण कोडकौतुक! कोरडं सील त्यांनी कधी बसवलं नाही. ताटलीत इंजिन ऑइल घेऊन त्यात ते बुडवून ठेवायचे. कुणी जल्दी केली तर, "थांब, त्याची आंघोळ चालू हाये!"

आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची, जुनी पिकअप त्यांच्याकडे गेली ती मात्र अटीवर. अंगणात उभी केली की आई तिच्याखाली पोतं अंथरायची, इतकं तेल गळायचं. थोरला दादा जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात. भंगार वितळताना रोज बघतो तो. त्याला जुन्या लोखंडाची कसली माया? म्हणाला, "एकदा दुरुस्त करून बघू. परत ठिपका पडला तर मंग भंगारात." मोसंबी भरून जालन्याला जायचं, मार्केटात चार माणसांत बसून चहा प्यायचा, यावरच आण्णांचा दिवस उभा होता. गाडी गेली असती तर आण्णांनी खाट धरली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गळती निघाली इंजिनाच्या मागच्या सीलची. गिअरबॉक्स उतरवून वस्तादांनी सील बदललं, गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि छाती ठोकून सांगितलं, "सकाळी या. पुठ्ठा कोरा मिळंल."

सकाळी आण्णा, दादा आणि मी गॅरेजपाशी पोचायच्या आतच रस्त्यावर आवाज ऐकू आला. "गळलं! माझं सील गळलं!" पुठ्ठ्यावर जेमतेम वाटाण्याएवढा डाग होता. गुपचूप दुसरा पुठ्ठा टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि हा बाबा डागाळलेला पुठ्ठा दोन्ही हातांत धरून अख्ख्या बाजाराला दाखवत होता! आण्णांचा चेहराच उतरला. दादानं भंगारवाल्याला लावायला फोन काढला.

"ठेव तो फोन!" वस्ताद गरजले. "चूक गाडीची न्हाई, माझी हाये. जुन्या सीलनं घासून घासून शाफ्टावर खाच पाडली, आन् मी येड्यावानी नवं सील बराबर त्याच खाचेवर बसवलं. जरासं अलीकडं घेतलं की कोऱ्या लोखंडावर टेकंल. खोलूनच राह्यलो बघ." चूक सांगतानाही छाती फुगलेलीच! दादाला हसू फुटलं. फोन खिशात गेला, गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. त्यानंतरचा पुठ्ठा असा निघाला, की आईनं त्यावर पापड वाळत घातले असते.

गेल्या वर्षी वस्ताद गॅरेज बंद करून पुण्याला लेकीकडे गेले. त्यांचं सामान जालना स्टेशनवर आमच्याच पिकअपनं सोडलं. निघताना बॉनेटवर थाप मारून आण्णांना म्हणाले, "विकू नका म्हनत न्हाई. पन विकली तर मला सांगू नका."

परवा पिकअपला एक गिऱ्हाईक आपणहून दारात आलं. भावही चांगला देत होतं. आण्णा दादाकडे बघत राहिले. भावाच्या मोहात पडून मीच म्हणालो, "देऊन टाकू. वस्तादांना कळवायचं नाही, झालं."

दादा माझ्यावर असा भडकला! "त्या मानसानं सोताचं गळकं सील आपल्यापासून लपवलं न्हाई. आन् आपण त्याच्यापासून गाडी लपवायची व्हय रे?"

आणि त्या गिऱ्हाईकाला त्यानं चहा पाजून वाटेला लावलं.