मफलर बांधून सौदीत

डिसेंबरच्या सुट्टीत ओहायोतले माझे वर्गमित्र आपापल्या घरी जातात आणि गुहागरचा मी होस्टेलवर मॅगी खात बसतो, असा दोन वर्षांचा शिरस्ता होता. या वर्षी तो मोडला. माझे बाबा सौदीत, जिझानजवळच्या रिफायनरीत वेल्डर आहेत. त्यांना गावी जायला रजा मिळत नव्हती, म्हणून म्हटलं, आपणच जाऊ. अमेरिकेचा वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असला की सौदीचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. मला तो चहा संपायच्या आत मिळाला. नियम बदलत असतात, तुम्ही निघायच्या आधी बघून घ्या.

जायचं आणखी एक कारण होतं. बाबांच्या मते मी कॉम्प्युटर शिकत होतो. सुरुवातीला शिकतही होतो, पण पहिल्याच वर्षी दोन विषयांत गटांगळ्या खाल्ल्या आणि खर्चाला हातभार म्हणून विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये झाडलोट करायचं काम धरलं. तिथे एकदा हातात वेल्डिंगचा टॉर्च आला आणि मी त्यात गुंतलो तो गुंतलोच. गेल्या सेमिस्टरला शाखा बदलून वेल्डिंग इंजिनिअरिंग घेतलं. माझ्या हाती टॉर्च कधी येऊ नये म्हणूनच बाबा बावीस वर्षं या वाळवंटात राहिलेत. हे फोनवर सांगणं मला जमलं नाही. आमच्याकडे शुक्रवारच्या फोनवर दोन्हीकडून 'सगळं ठीक' एवढंच बोलायची पद्धत आहे.

त्यात निघायच्या आदल्या दिवशी मी एक गाढवपणा केला. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून दोन तास वेल्डिंग करत बसलो. त्या प्रकाशाने कातडी उन्हापेक्षा वाईट भाजते. गळ्याखाली लालभडक त्रिकोण उमटला. मग काय, मफलर.

जेद्दाला उतरलो तेव्हा लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते आणि मी लोकरीचा मफलर गुंडाळून घामाघूम. बाबा चार दिवसांची सुट्टी काढून आले होते. सोबत लतीफचाचा, त्यांची जुनी गाडी घेऊन. चाचा दापोलीकडचे, बाबांचे वीस वर्षांचे जोडीदार. बाबांनी मला मिठी मारली, जरा मागे होऊन बघितलं आणि विचारलं, "गळ्याला काय रे?"

"सर्दी झालीय."

"हं," एवढंच म्हणाले.

पहिला मुक्काम थुवालला, जेद्दाच्या उत्तरेला तासाभराच्या रस्त्यावर. तिथलं मोठं विद्यापीठ बांधलं जात होतं तेव्हा बाबा दीड वर्ष कामाला होते. पासशिवाय आत सोडत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी गाडी लांब उभी करायला लावली आणि प्रयोगशाळांचे पाइप कुठून कसे गेलेत ते मला हवेत बोट फिरवून दाखवलं. माझ्या मनात त्या पाइपांविषयी दहा प्रश्न उसळत होते. कॉम्प्युटरच्या मुलाने विचारू नयेत असे होते, म्हणून गिळले. मग बंदरावर मासे खाल्ले. मासा आपण निवडायचा, वजन करून द्यायचा, ते तळून किंवा भाजून देतात. तिघांचे सत्तर रियाल झाले. चाचांच्या मते मसाला दापोलीच्या पासंगालाही पुरत नव्हता, पण काटे तेवढे उरले.

दुसऱ्या दिवशी जिझान. समुद्राच्या कडेने दक्षिणेला आठ-नऊ तास. रस्ता लोण्यासारखा, पण पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्या आणि पासपोर्ट हाताशी ठेवा. चेकपोस्टवर बाबांचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, बघून झाला की चाचा 'यल्ला' म्हणत असे गाडी सोडत की माझा चहा दोनदा सांडला. वाटेत त्यांनी आपल्या मोबाइलचे सगळे आजार मला सांगितले. कामगारांच्या कॅम्पभर माझी कॉम्प्युटरवाला म्हणून कीर्ती बाबांनीच पसरवलेली. मी तो फोन बंद करून चालू केला आणि तो सुधारला. बाबांनी अभिमानाने मागे वळून बघितलं तेव्हा मला फार शरम वाटली.

कॅम्पमध्ये पाहुण्यांना राहता येत नाही, म्हणून आम्ही बंदराजवळ खोली घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी फरसान बेटांची बोट. तिकीट आधी नोंदवावं लागतं, आम्हाला पैसे पडले नाहीत. सव्वा तासाचा प्रवास. पाणी असं निळं की मी घामही विसरून बघत राहिलो. चाचा चहा आणायला गेले.

अमेरिकेत मी काही शिकलो असेन तर हे: 'मला जमत नाही' असं समोरच्याला सांगणं. पहिल्या वर्षी मी प्राध्यापकांच्या दारापर्यंत जाऊन परत यायचो. आता सरळ आत जातो आणि विचारतो. जगात सगळ्यांना सांगता येतं, फक्त बाबांना नाही. हे मनात घोळवत होतो, तेवढ्यात बाबा समुद्राकडे बघत म्हणाले, "वरचं बटण लावायचं असतं रे. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

मी मफलरला हात लावला. "कधी कळलं?"

"विमानतळावर. कानामागे पण भाजलंयस. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मग मी सगळं सांगितलं. नापास झालो ते, शाखा बदलली ते. बाबांचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसत होता.

"तुला यातून सोडवायला मी इथे राहिलो," ते म्हणाले.

"माहीत आहे. पण बाबा, मला हे आवडतं. आणि यातलं तुमच्याइतकं कळणारं दुसरं कोणी मला माहीत नाही."

चहा आला. चाचांनी आमच्याकडे बघितलं आणि कप ठेवून पलीकडच्या कठड्याशी गेले. बाबांनी अर्धा चहा संपवला. मग हात पुढे केला. "फोटो असेल ना?"

मी माझ्या सगळ्यात चांगल्या जोडाचा फोटो उघडला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि चष्मा कपाळावर ढकलला. "इथे थांबलायस. हात थकला की घाबरलास?"

"घाबरलो."

"दिसतंय," ते म्हणाले, आणि बेट येईपर्यंत मला सोडलं नाही. हात कुठे टेकवायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं बोटीच्या कठड्यावर करून दाखवलं. थुवालचे दहाच्या दहा प्रश्न मी विचारून घेतले. मफलर पिशवीत गेला. फरसानला हरणं आहेत, जुनी घरं आहेत, असं ऐकून होतो. आम्ही बघितली असावीत.

जिझानच्या विमानतळावर निरोप घेताना बाबांनी काही उपदेश केला नाही. माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, एवढंच.

आता ओहायोत बर्फ आहे. लोक विचारतात, काय आणलंस. खजूर आणले होते, ते वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत संपले. गळ्याची कातडी सोलून नवी आली. गेल्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा बाबांनी नेहमीचं 'सगळं ठीक?' विचारलं नाही.

"बटण?" त्यांनी विचारलं.

"लावलंय. पण बाबा, कालचा जोड एक्स-रे तपासणीत नापास झाला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब, चष्मा घेतो," बाबा म्हणाले. "फोटो पाठव."