अंतरपाटाचा फोटो

मधुराच्या लग्नातल्या फोटोंचे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत, की आता मला लग्न आठवतं की माझं सांगणं आठवतं, याची खात्री देता येत नाही. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते यातलं निम्मं मी मागाहून रचलंय. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. 'निम्मं' हा आकडा तिने कुठून काढला, असं विचारावंसं वाटतं. विचारत नाही. बरोबर निघाला तर?

लग्न इथेच, सुरतेत होतं. फोटोंची जबाबदारी माझ्याकडे. मधुरा म्हणाली, "बाबा, बाकीचे फोटो कसेही येऊ देत. अंतरपाट खाली येतो आणि आम्ही एकमेकांकडे बघतो ना, तो एक मला हवाच."

एकच मागणी. मला त्या दिवसापासून ॲसिडिटी!

* * *

फोटोग्राफर जिग्नेशभाई गुजराती. त्यांच्यापुढे मी एकशे बारा फोटोंची यादी ठेवली. वेळ, जागा, माणसं आणि शेवटचा रकाना : 'चुकण्याची शक्यता'.

त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "साहेब, लगन छे के परीक्षा?"

* * *

मग त्यांनी त्यांची यादी दिली. त्यात पहिलाच फोटो : 'वर का नाक'. जावयाच्या नाकाचा स्वतंत्र फोटो कशासाठी, हे मला कळेना. पण इतकं शिकून एवढं माहीत नाही, असं वाटेल म्हणून मी खाली सही केली.

लग्नाच्या दिवशी जावई अमित दारात आला. सुनंदा औक्षण करायला पुढे झाली, तसे जिग्नेशभाई ओरडले, "मासी, नाक पकडो!"

गुजराती लग्नात सासू दारातच जावयाचं नाक पकडते, हे मला तेव्हा कळलं. अमितची आजी धुळ्याहून आलेली. ती म्हणाली, "हाई काय शे माय?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही सही केलीत?"

* * *

खरी अडचण मंगलाष्टकांची. जिग्नेशभाईंना कोणीतरी सांगितलं होतं, 'सावधान' म्हटलं की अंतरपाट खाली येतो. पण सावधान प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी येतं! मी गुरुजींना विचारलं, "एकूण किती म्हणणार?"

"माझी पाच. पुढचं तुमच्या बहिणींवर."

माझ्या बहिणी तीन. तिघींनी स्वतः रचून आणली होती. कोणाची किती कडवी, हे कोणीच सांगेना. एकीने तर मलाच दम भरला, "दादा, आधी सांगितलं तर सरप्राइज काय राहिलं?"

शेवटी ठरलं, की गुरुजी मला डोळ्यांनी खुणावतील आणि मी जिग्नेशभाईंना हात वर करून इशारा देईन. घरी चादर धरून तीनदा सराव केला. वधूच्या जागी सुनंदा उभी, वराच्या जागी मी. तिसऱ्यांदा चादर खाली आली तेव्हा ती म्हणाली, "चेहरा पाडू नका. मलाही दुसरा पर्याय नव्हता!"

* * *

मुहूर्त आला. पाच झाली, सहा झाली, सात झाली. दर सावधानला जिग्नेशभाई दचकत होते. आठव्याच्या शेवटी गुरुजींनी मला खुणावलं. इशारा नीट दिसावा म्हणून मी थेट कॅमेऱ्यासमोर गेलो आणि दोन्ही हात वर केले.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली.

मागून आवाज आला, "साहेब! आप ही आप दिख रहे हो!"

मी मधुराकडे बघितलंच नाही. हिंमत झाली नाही. जेवणाच्या पंगतीतही मी पाहुण्यांच्या आड बसलो.

* * *

पुढचे तीन आठवडे मी माफीची वाक्यं जुळवत होतो. मग अल्बम आला. मधुराने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि बरोबर ते पान उघडलं. अर्धा खाली आलेला अंतरपाट, दोघं एकमेकांकडे बघताहेत. सुंदर फोटो! मी कुठेच नाही.

"आला ना बाबा? तुम्ही उगीच घाबरता."

मी सगळ्यांना सांगत सुटलो, की इशारा अगदी वेळेवर दिला होता.

* * *

चार वर्षांनी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर सगळंच लख्ख दिसायला लागलं, म्हणून अल्बम काढला. त्या पानावर बराच वेळ थांबलो. मग खात्री करायला गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, अंतरपाट दूर व्हायच्या आधी वधूच्या गळ्यात मंगळसूत्र असतं का हो?"

"कधीच नाही, सर. का?"

"काही नाही. सहज."