देवाला छप्पर चालत नाही

जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या जंगलाशी आल्या की कुसुमताई आधी बूट काढतात. थंडी असो, चिखल असो. जॉगिंगवाले वळून बघतात आणि नात अन्वी लाजेने अर्धमेली होते, "आजी, बिटं, प्लीज, बूट घाल!" मुलगा जयंत म्हणतो, "आई, इथे कुठला देव बसलाय?"

"रान म्हटलं की देव आलाच. तू गप्प बस."

ही खोड सासरची. कोकणात त्यांच्या गावावर डोंगर आहे आणि डोंगरभर देवराई. तिथे अनवाणीच जायचं, पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. तिथला देव डोंगरोबा उघड्यावर, कारण त्याला छप्पर चालत नाही. त्याच्या पायथ्याचा झरा वैशाखातही गावाला पाणी पाजतो. पण कुसुमताईंचे गुडघे गेले आणि वर जाणं संपलं. "एकदा त्याच्या पायाशी बसले की सुटले बाई," हे त्यांचं रोजचं पालुपद.

पोरगा गुणी हो! पण पडला गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर. आईला चढता येत नाही ना, मग रस्ता करू. आईला पत्ता लागू न देता त्याने गावी पैसे पाठवले आणि एका रविवारी आईला समोर बसवून हौसेने गावच्या चुलतभावाला, हृषिकेशला, व्हिडिओ कॉल लावला.

"काकू, आता गाडी थेट देवाच्या पुढ्यात!" हृषिकेश ओरडला. मागे तांबडी माती, जेसीबी आणि बुंधेच बुंधे. "देव उन्हात पडलाय, म्हणून वर स्लॅबही टाकतोय."

"उन्हात? देव उन्हात कधी होता रे? झाडं कुठायत?"

"तेवढी काढावी लागली, काकू."

"आणि झरा?"

"गढूळ येतोय सध्या. वाडीला टँकर सांगितलाय."

कुसुमताई कडाडल्या. "कुठल्या मेल्याने सांगितलं हे?"

हृषिकेश गोंधळला. त्याने फोन वळवला. रस्त्याच्या तोंडाशी कोरा करकरीत संगमरवरी फलक होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत कुसुमताईंचंच नाव, त्यांच्या इच्छेनुसार हा मार्ग बांधल्याचं.

"गावची तिकिटं काढलीयत आई," जयंत चाचरत म्हणाला.

"परत कर," एवढंच त्या बोलल्या.

पुढच्या रविवारी जंगलाशी त्या बूट घालूनच उभ्या राहिल्या. कधी नव्हे ती अन्वी मागे आली आणि आजीच्या बुटाची नाडी सोडायला वाकली.

कुसुमताईंनी पाय मागे घेतला. "नको गं बाळा. आता कुठल्याच रानात अनवाणी जायचं तोंड राहिलं नाही मला."