दुबईचे राक्षस

दुबईहून शिशाचे राक्षस आलेत अशी थाप मी मारली आणि ती फणसाच्या आठळ्यांवर निभावून न्यायचं ठरवलं.

थापेला कारण होतं. कॉलेजात आम्ही तिघं मित्र पडवीत बसून गोष्टीचा खेळ खेळायचो. मी सूत्रधार. जंगल, किल्ला, राक्षस मी उभे करायचे, आपले वीर काय करतात ते त्या दोघांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. पुढे ते दोघं नोकरीला मुंबईला गेले, एकाच खोलीत राहू लागले. मी आंब्याची बाग बघायला रत्नागिरीत उरलो. घरी ब्रॉडबँड आल्यावर खेळ रविवारी दुपारी इंटरनेटवरून सुरू झाला. आठवड्यात माणसांत बसल्यासारखं माझं तेवढंच. बाकी कलमं, आणि ती काही बोलत नाहीत.

एकदा एकजण म्हणाला, "कोण कुठे उभाय काही कळत नाही रे. तू सांगतोस, आम्ही जांभया देतो. पुढचा रविवार शेवटचा. मग आम्ही झोपणार."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "थांबा रे! मामेभावाने दुबईहून पटावर मांडायला शिशाचे छोटे राक्षस पाठवलेत. कॅमेऱ्यावर दाखवतो."

मामेभाऊ दुबईत होता, एवढं खरं.

रविवारी मी पाटावर खडूने चौकटी आखल्या. जांभ्या चिऱ्याचा तुकडा म्हणजे किल्ला. कोठीतल्या टोपलीतून वीस आठळ्या उचलल्या आणि बॉलपेनने प्रत्येकीला डोळे काढले. दोन वीर कशाचे करायचे? पूजेत सुपारी कोणाच्याही जागी चालते, म्हणून देवघरातल्या दोन सुपाऱ्या आणल्या. वेबकॅम टेबललॅम्पच्या मानेला सुतळीने बांधला. त्या वेबकॅममधून माझं तोंडसुद्धा आठळीसारखं दिसायचं, तेव्हा आठळी शिशासारखी दिसायला काहीच हरकत नव्हती.

"काय फिनिशिंग आहे!" मुंबईहून आवाज आला.

"इंपोर्टेड आहे," मी म्हटलं.

खेळ असा रंगला की विचारू नका. दोन्ही वीर किल्ल्याच्या दारात घेरले गेले. दोघांपैकी कोणीही जांभई दिली नाही. तेवढ्यात बागेतला गडी दारात आला. आंब्याच्या पेट्यांत घालायचा पेंढा त्याला सापडत नव्हता. "हललात तर मराल," असं वीरांना बजावून मी पाच मिनिटं उठलो.

परत आलो तर पाट साफ. चिरा होता, सुपाऱ्या होत्या, सैन्य गायब. हेडफोनमधून नुसता आरडाओरडा चालला होता.

"अरे, आकाशातून हात आला! हिरव्या बांगड्या! मुठी भरभरून राक्षस घेऊन गेला! असं काही येणार हे आधी का नाही सांगितलंस?"

हिरव्या बांगड्या आमच्या घरात एकाच हातात होत्या. पण मी सूत्रधार. गंभीर आवाजात म्हटलं, "ती देवी. तुमच्यावर प्रसन्न झाली."

"मानलं तुला! पुढच्या रविवारी दोन वाजता. नक्की."

मी जिंकलो होतो. आणि तेवढ्यात देवी पुन्हा प्रकटली, एका हातात विळी, दुसऱ्यात आठळी.

"अळवाच्या फदफद्यात घालायला म्हणून सोलायला घेतल्या," आई म्हणाली, "तर ही माझ्याकडे बघत्येय. डोळे कोणी काढलेन हिला?" आणि तिने आठळी पुराव्यासारखी थेट कॅमेऱ्यासमोर धरली.

मी स्पीकर चालू केला. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"दुबईला फणस कधीपासून लागायला लागले रे?" एकाने विचारलं.

दुसऱ्याचा आवाज मात्र पार निराळा आला. "काकू, फदफदं? चिंचगूळ घालून? इथे खाणावळीत अळू बघायला मिळत नाही हो."

"मग या की रविवारी," आई म्हणाली. "ह्याच्या नादाला लागून त्या डब्यात कशाला बसता?"

"येतो! पण काकू, राक्षस सगळे शिजवू नका हं. थोडे लढाईला ठेवा."

आई पाटाकडे वळली. "आणि ह्या देवघरातल्या सुपाऱ्या इथे कशाला?"

"ते दोघं," मी पुटपुटलो. "म्हणजे त्यांच्या जागी."

आईने सुपाऱ्यांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"धडधाकट माणसांच्या सुपाऱ्या मांडून हा आठळ्यांशी लढतोय," ती कॅमेऱ्याला म्हणाली, "आणि ह्याच्यासाठी मी दोन वर्षं मुली बघत्येय!"