हात इंदूरला, पेशंट पिंपरीत

थिएटरात तोंडाला मास्क, म्हणून आम्हा सिस्टर लोकांचे किस्से पोटातच साठतात. चहाला बसलो की बाहेर पडतात! एकट्या दत्ताभाऊंच्या ऑपरेशनचेच चार आहेत.

दत्ताभाऊ चाकणचे, कंपनीत वेल्डिंगच्या रोबोटवर. एक किडनी जन्मापासून निकामी, दुसरीत गाठ. गाठ काढायची आणि किडनी वाचवायची. डॉक्टर इंदूरला कन्सोलवर बसणार, त्यांचे हात हलतील तसा पिंपरीत आमचा रोबोट हलणार. आमच्याकडं हे पहिल्यांदाच.

*

ट्रायलला डॉक्टरांनी तिकडून शेंगदाण्याचं लाल साल सोललं. दाण्यावर ओरखडा नाही! आम्ही बघतच राहिलो. नंतर दाणा सापडेना. थिएटरातल्या वॉर्डबॉय मामांनी तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला होता.

*

ऑपरेशनची वेळ दुपारी दोन. दत्ताभाऊ म्हणाले, "दोनला नको सिस्टर, शिफ्ट बदलती. निघणाऱ्याचं लक्ष घड्याळात, येणाऱ्याचं चहात. तवाचा जॉब हमखास रिजेक्ट."

मी हसले. मग आठवलं, आमचीही ड्यूटी दोनलाच बदलते. ऑपरेशन सकाळी नऊला घेतलं.

*

आदल्या दिवशी त्यांची आई स्क्रीनवरच्या डॉक्टरांना म्हणाली, "उद्या जेवून बसा. उपाशी माणसाचं हात कापत्यात."

"पोहे खाईन आई."

"पोह्यानं काय हुतंय? भाकर खा."

सकाळी स्क्रीन लागला, तर डॉक्टर रिकामं ताट दाखवत होते.

*

कंपनीत रोबोटभोवतीच्या जाळीत शिरायचं, तर आधी मेन स्विचवर आपलं कुलूप लावायचं. म्हणजे आत माणूस आहे, मशीन चालू करायचं नाही. ते ज्याचं त्यानंच काढायचं, मॅनेजरनंही हात लावायचा नाही. दत्ताभाऊंनी आपलं लाल कुलूप आणलं होतं. आमचा रोबोट तर चालायलाच हवा, म्हणून त्यांनी ते वॉर्डातल्या कॉटच्या दांड्याला लावलं आणि चावी मला दिली. "सांभाळा. पण काढणार मी."

ऑपरेशन चार तास चाललं. मध्ये रक्त आलं. आमचे सर्जन शेजारी तयारच होते, पण इंदूरच्या बोटांनी टाका घातला आणि रक्त थांबलं. गाठ निघाली. पिशवीत लघवी उतरायला लागली, किडनी वाचली. खरं सांगते, मास्कच्या आत मी रडले.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ उठून बसले. चावी मागितली, सलाइनच्या हातानं कुलूप काढलं. समोर स्क्रीनवर डॉक्टर होते. कंपनीत कुलूप काढल्यावर सांगतात तसं त्यांना सांगितलं,

"आत कुणी न्हाई. लाइन चालू करा."