टाकीमागची दोन पिल्लं

सगळं हॉस्पिटल तिला लवंगी मावशी म्हणायचं, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. हाडांच्या वॉर्डात ती बावीस वर्षं आया होती आणि बावीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होती. बाकीच्या आयांनी दोन्ही हात प्लास्टरात असलेल्या म्हाताऱ्यापुढे ताट ठेवायचं, तासाभराने तसंच उचलायचं आणि वर म्हणायचं, पेशंट जेवला नाही! "ताट ठेवलं म्हणजे जेवू घातलं होय गं? हात झडलेत तुझे?" असा तिचा आवाज दोन मजले खाली ऐकू जायचा.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे घारीचं घरटं होतं. तेरा दिवसांची दोन पिल्लं. सोमवारी त्यांची आई विजेच्या तारेला चिकटून मेली. बाप मात्र फेऱ्या मारमारून उंदीर आणून टाकत होता, आणि हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांपासून लिफ्टवाल्यापर्यंत जो तो वर जाऊन फोटो काढत होता. "बाप असावा तर असा!"

मंगळवारी मावशी वर गेली. घरट्यात पाच उंदीर सडत होते आणि त्यांच्या शेजारी पिल्लं माना टाकून पडली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच तिने पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"घास फाडून भरवायचं काम आईचं," डॉक्टर म्हणाले. "नर बहुतेक नुसतं आणून टाकतो. मी संध्याकाळी येतो. तोवर ताज्या मांसाचे बारीक तुकडे चिमट्याने द्या. आणि हे बघा..."

मावशीने फोन ठेवून दिला. भरवायचं मला शिकवतात! बावीस वर्षं काय गवत उपटलं?

मांस आणायला खाली उतरली, ती साहेबांवर बरसतच. "डोळे आहेत की बटणं? अन्नाच्या ढिगात उपाशी मरताहेत लेकरं, आणि तुम्ही फोटो काढता!"

"अहो मावशी, निसर्गाचं असतं ते..."

"खड्ड्यात गेला तुमचा निसर्ग!"

ती मांस घेऊन परतली तसे साहेबही तिच्यामागून वर आले. ती भरवायला वाकली तसा बाप झेपावला आणि तिचं डोकं ओरबाडून गेला. "मार मेल्या! मारायला बरं येतं, भरवायला येत नाही!" रक्त पुसत तिने धाकट्याला चार घास दिले. मग वॉर्डातल्या सवयीने वर चमचाभर पाणी पाजलं. पिल्लू ठसकलं, नाकपुडीवर बुडबुडा आला, मान मागे पडली. संपलं.

तिने पुन्हा फोन लावला.

"पाणी पाजलंत?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना मांसातूनच मिळतं हो पाणी. चमच्याचं थेट श्वासनलिकेत जातं. तेच तर सांगत होतो मघाशी."

साहेब हळूच म्हणाले, "जाऊ दे मावशी. अर्धमेलंच होतं ते."

"भुकेने नाही गेलं ते!" मावशी कडाडली. "मी मारलं. शहाणपणा करून मी मारलं."

थोरल्याने चोच वासली होती. मावशीने फोन साहेबांच्या हातात कोंबला आणि चिमटा उचलला.

"धरा माझ्या कानाशी. बोला डॉक्टर, सगळं सांगा. मी ऐकतेय."